नाना ऐकत होते

आमच्या नानांचा देवापेक्षा स्वतःच्या कानांवर जास्त विश्वास होता, आणि त्या विश्वासापायी माझं जे व्हायचं ते झालं. सगळी माणसं गेल्यावर निवांत बसून लिहिते आहे, म्हणून कुणाला वाटेल की म्हातारीचा राग आता निवला असेल. अजिबात निवलेला नाही. राग टिकवायला फार काही लागत नाही, दोन वेळचं जेवण आणि बरी स्मरणशक्ती पुरते, आणि माझं दोन्ही शाबूत आहे.

नाना झाशी स्टेशनवर गाड्यांची चाकं ठोकून बघायचे. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन रुळांच्या कडेने चालत जायचं, प्रत्येक चाकावर एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. चांगलं चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. वर बसलेली माणसं पुऱ्या खात असतात, त्यांना पत्ताही नसतो की खाली एक माणूस आपला जीव कानात घेऊन उभा आहे. नानांनी अशी तडकलेली चाकं पकडली होती, साहेबांनी पाठ थोपटली होती, आणि त्यामुळे घरातही तेच सुरू झालं. माठ घ्यायचा तर टिचकी मारून, टरबूज घ्यायचं तर कानाशी धरून. आईने कढईत फोडणी टाकली की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, ‘‘तेल तापलं नाही अजून.’’ आई पदरात तोंड घालून म्हणायची, ‘‘आता भातसुद्धा यांनाच ऐकवून शिजवते.’’ पण तेल खरंच तापलेलं नसायचं.

रेल्वेचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि मागे उंच भिंतींचं परस. परसात एका अंगाला न्हाणी, दुसऱ्या अंगाला कोळशाची कोठी, मध्ये पेरूचं झाड आणि भांडी घासायला बुंदेलखंडी दगडाची एक मोठी पटिया. यार्डातल्या इंजिनांची काजळी दिवसभर उतरत असायची. आई कुरडया वाळत घालायची तर वर जुनं धोतर पसरायची, तरी त्या राखाडी व्हायच्याच, आणि आम्हाला तर पांढऱ्या कुरडया कुणाच्या घरी पाहिल्या की त्या कच्च्या वाटायच्या. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भाजीवालीशी बुंदेली. आळीतली पोरं आम्हाला ‘दाल-भात’ म्हणायची. मला म्हणत तेव्हा मी उलटून शिवी द्यायचे. माझा भाऊ अरू मात्र हसायचा आणि मान खाली घालून निघून यायचा, आणि नानांना खुपायचं ते हेच.

अरू माझ्याहून दीड-दोन वर्षांनी मोठा. गोरा, उंच, नाजूक, हाताची बोटं लांबसडक. शर्ट काढला की बरगड्या मोजून घ्याव्यात. स्वभावाने वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं, फक्त त्याला कष्टाचा कंटाळा होता आणि कंटाळा लपवायची अक्कल भरपूर होती. झाशीजवळ बबीन्याला फौजेची भरती निघणार असं नानांच्या कानावर आलं आणि त्यांनी ठरवलं, अरू फौजेत जाणार. स्वतः नाना तरुणपणी छाती कमी भरली म्हणून परत आले होते. ते दुःख त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, ते आता मुलाच्या अंगावर घालून बघायचं होतं.

आखाड्यात पाठवायला पैसाही नव्हता आणि आईची तयारीही नव्हती, तेव्हा घरातच जे होईल ते करायचं ठरलं. नानांनी डालड्याचे दोन मोठे डबे आणले, त्यात सिमेंट आणि रुळांकाठची खडी ओतली, मध्ये नळाचा जाड तुकडा उभा केला. एक बाजू सुकल्यावर दुसरी. मग वरचा पत्रा कापून काढला. झाली वजनाची सळई तयार. न्हाणी आणि कोठीच्या भिंतींमध्ये दुसरा नळ आडवा बसवला, लटकून अंग वर खेचायला. जोर काढताना हात टेकायला चार विटा. हलक्या वजनासाठी वाळूची बादली. रोज थोडंच करायचं, एक दिवस हातांचं, एक दिवस पायांचं, दुखलं तर दुखू द्यायचं पण सांध्यात टोचलं तर थांबायचं, आणि सोपं वाटायला लागलं की बादलीत ओंजळभर वाळू वाढवायची. हे सगळं नानांना ठाऊक होतं. आजकाल माझी नात जिममध्ये पैसे भरून हेच ऐकून येते आणि मला समजावून सांगते, तेव्हा मी मान डोलावते.

खाण्याचं तर विचारूच नका. अरूला सकाळी भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ, साय न काढलेलं दूध. शिवाय अंडी. आमच्या स्वयंपाकघरात अंड्याचं नावही निघत नसे, त्यामुळे परसात पेरूखाली एक वेगळी शेगडी, एक पोचा आलेला डबा, आणि टरफलं पुरायला एक खड्डा. आई त्या शेगडीकडे बघायचीदेखील नाही. मग अंडी उकडायची कुणी? अर्थात मी, शालूने. अंडी सोलायची शालूने, भाऊ खाताना समोर पाणी धरायचं शालूने, आणि नंतर आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही तेही शालूनेच. एक अंडं मला मिळावं असं त्या घरात कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्याही आलं नाही आधी.

आणि नजर! व्यायाम करणाऱ्या पोराच्या अंगाकडे कुणी बघायचं नाही, भरत आलेलं अंग नजरेने उतरतं, ही आईची पक्की समजूत. तिने पेरूपासून कोठीपर्यंत दोरी बांधून जुनी चादर लावली. नानासुद्धा मागे यायचे नाहीत. त्यांची बहुधा रात्रपाळी असे. सकाळी यायचे, चहा प्यायचे आणि परसाच्या भिंतीला लागून असलेल्या खाटेवर आडवे व्हायचे. भिंतीत वर एक जाळी होती. म्हणायचे, ‘‘मला बघायची गरजच काय? मी ऐकतो ना.’’ चादरीच्या आत जायची मुभा फक्त मला, कारण भांडी तिथेच, शेगडी तिथेच, आणि माझी नजर लागेल इतकी माझी किंमत कुणी धरलेली नव्हती.

पहिले काही दिवस अरूने खरंच केलं. मग त्याचे हात असे भरून आले की पोळीचा तुकडा मोडवेना. एका सकाळी तो खाली गोणपाटावर बसला आणि हळूच म्हणाला, ‘‘शाले, तू जरा ती सळई उचलून ठेव ना. नाना जागे आहेत.’’ मी म्हटलं, ‘‘मी?’’ म्हणाला, ‘‘अगं, त्यांना ठेवल्याचा आवाजच हवा आहे. आजच्या दिवस.’’ मी ओढणी कमरेला बांधली आणि सळई गुडघ्यापर्यंत आणली. त्याहून वर येईना. परत ठेवली तर पटियावर धाडकन आपटली. जाळीतून नानांचा आवाज आला, ‘‘आपटू नकोस! ठेवताना पण ताकद लागते, ती वाचवू नकोस.’’ अरूने गोणपाटावरूनच धापा टाकत उत्तर दिलं, ‘‘हो, नाना!’’

आजचा दिवस मग रोजचा झाला. अरू इलाइट चौराह्यावरून भाड्याने आणलेल्या हिंदी जासूसी कादंबऱ्या वाचत पडायचा आणि मी त्याचा व्यायाम करायचे. आधी विटांवर जोर जमेनात, तर मी भिंतीला हात टेकून काढले, मग कोठीच्या कट्ट्यावर, मग जमिनीवर, मग विटांवर. नळाला लटकले तर पहिल्यांदा नुसतीच लटकले. अरू पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाला, ‘‘वटवाघूळ.’’ पण महिन्याभराने हनुवटी नळाच्या वर गेली आणि मला भिंतीपलीकडचं रेल्वेचं मैदान, सिग्नल, आणि उन्हात शंटिंग करणारं एक काळं इंजिन दिसलं. त्या भिंतीपलीकडचं मी आयुष्यभर ऐकत आले होते, पाहिलं तेव्हा पहिल्यांदा. हरभरे अरूला आवडायचे नाहीत, दुधाची साय बघून त्याला मळमळायचं. ते माझ्या पोटात जायला लागलं. मग अंडीही. पहिलं अंडं मी टरफलाच्या खड्ड्याकडे तोंड करून खाल्लं आणि मला कसलंही पाप वाटलं नाही. मीठ हवं होतं एवढंच वाटलं.

आणि नाना शिकवत होते. हे मला सगळ्यात जास्त लागलं आहे, म्हणून नीट लिहिते. ‘‘डावी बाजू आधी टेकतेय,’’ जाळीतून आवाज यायचा, ‘‘डावा खांदा ढिला आहे. सावकाश.’’ मी डावा खांदा सावरायचे. ‘‘आता बरोबर. श्वास कोंडू नकोस, वर नेताना सोड.’’ मी सोडायचे. ‘‘आज घाई आहे का? आज आवाजात राग आहे.’’ खरंच असायचा, आदल्या दिवशी आईने काहीतरी सुनावलेलं असायचं. माझ्या बापाने मला इतकं नीट कधीच ओळखलं नव्हतं, समोर उभी असताना तर नाहीच. समोर मी म्हणजे चहाचा कप. आणि शेवटी, सळईची दोन्ही टोकं एकदम, अलगद टेकली की यायचं, ‘‘शाबास, अरू!’’ अरू पान उलटत म्हणायचा, ‘‘थँक्यू, नाना.’’ मी घाम पुसत उभी. मला वाटायचं, होऊ दे. एक दिवस कळेलच. कळेल तेव्हा ते शाबास शालू म्हणतील. त्या एका शब्दासाठी मी उन्हाळ्याची लू अंगावर घेतली, थंडीत बर्फासारखा नळ धरला. वेडी होते, दुसरं काय!

पहिली कुणकुण लागली ती मनिहारिणीला. मला बघायला पाहुणे येणार अशी बोलणी सुरू झाली होती, म्हणून आईने हिरव्या बांगड्या भरायला तिला बोलावलं. दरवर्षीच्या मापाच्या बांगड्या तिने काढल्या, माझा पंजा दाबला, साबण लावला, आणि बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडकून तटकन फुटली. दुसरी फुटली. तिने माझा हात उलटा केला, तळव्याचे घट्टे बघितले, दंड चाचपला आणि आईला म्हणाली, ‘‘काय बाई, मोड़ी के हाथ तौ मोड़न घाईं हो गए!’’ पोरीचे हात पोरासारखे झाले. आई गडबडीने म्हणाली, ‘‘घर का काम बहुत करती है ना, धोना, पीसना.’’ मोठ्या मापाच्या बांगड्या भरून तिला घालवलं, आणि मग माझी बाही कोपरापर्यंत खाली ओढून दबक्या आवाजात म्हणाली, ‘‘हे काय करून घेतलंस गं?’’ मला आतून हसू फुटत होतं.

भरतीच्या दिवशी नाना रजा टाकून अरूबरोबर बबीन्याला गेले. आईने दोघांच्या हातावर दही-साखर ठेवली. मी अरूला म्हटलं, ‘‘अजूनही सांगून टाक.’’ तो म्हणाला, ‘‘काय सांगू? तिथे काय, छातीच मोजतात. श्वास भरून घेईन.’’ मूर्ख! तिथे आधी दांडी होती, वर अंग खेचायची. नाना कुंपणाशी उभे राहून बघत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बघत होते. अरू दांडीला लटकला आणि दोरीवरच्या धुतलेल्या लेंग्यासारखा लटकूनच राहिला. हवालदार हसला, मागची रांग हसली, आणि त्याला बाजूला काढलं.

दुपारी दोघे परत आले. नानांनी बूटही काढले नाहीत. सरळ परसात गेले, चादर ओढून खाली टाकली आणि अरूला म्हणाले, ‘‘उचल.’’ अरू म्हणाला, ‘‘नाना, आज अंगात...’’ ‘‘उचल.’’ आई पडवीत, मी पेरूखाली. अरूने सळई कशीबशी मांडीपर्यंत आणली, तोंड लाल झालं, आणि ती हातातून सुटून पटियावर आदळली. नानांनी डोळे मिटले होते. मग म्हणाले, ‘‘हा आवाज नाही. हा तो नाही. मी रोज ऐकलाय. कोण होतं इथे?’’ अरूने मान वर केली नाही, फक्त हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

नाना माझ्याकडे वळले. ‘‘तू उचल.’’

माझ्या आयुष्यात इतक्या आनंदाने मी काही केलं नाही. लग्नात नाही, पोरं झाली तेव्हा नाही. ओढणी कमरेला बांधली, पटियाशी पाय रोवले, आणि सळई उचलली. गुडघा, छाती, डोक्यावर. वर धरून ठेवली. मग सावकाश, श्वास सोडत, डावा खांदा सांभाळत खाली आणली, आणि दोन्ही टोकं एकदम टेकवली. नानांचे डोळे अजून मिटलेलेच होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, सकाळी खाटेवर झोप लागण्याआधी व्हायचं तसं असेल. ‘‘हाच,’’ ते म्हणाले. ‘‘हाच आवाज.’’ मी वाट बघत होते. आता म्हणतील, आता म्हणतील. आणि त्यांनी डोळे उघडले. मी दिसले त्यांना. घामाने भिजलेली, दंडावर बाही चढलेली मुलगी. त्यांनी तोंड फिरवलं आणि आईला म्हणाले, ‘‘हिचं दूध-दही उद्यापासून बंद. पाहुणे यायच्या आत हे अंग उतरलं पाहिजे.’’

अरूला एक शब्द बोलले नाहीत. दोन वेळा कुणाकुणाच्या पाया पडून त्याला पुढे रेल्वेतच चिकटवला, पंख्याखाली. तो हसतहसत नोकरी करून हसतहसत निवृत्त झाला.

अंग बनवायला जेवढी अक्कल लागते, तेवढीच ते उतरवायला लागते, आणि नानांना दोन्ही येत होतं. सळई कोठीत कोळशाखाली गेली, आडवा नळ उपटून काढला. मला सकाळी बिनदुधाचा चहा, दुपारी एक पोळी आणि पातळ वरण, संध्याकाळी वाटीभर पेज. हरभऱ्याचा डबा आईने कुलपात ठेवला. रागाने नाही हो, प्रेमाने. ताट वाढताना ती रडायची आणि म्हणायची, ‘‘तुझ्याच भल्यासाठी, शालू. असले दंड बघून कोण करून घेणार आहे?’’ आधी हात थरथरायला लागले. मग स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना मांड्या भरून यायला लागल्या. एका दिवशी नळावरून दोन भरलेल्या बादल्या नेहमीसारख्या उचलायला गेले आणि दोन पावलांवर खाली ठेवल्या. तिथेच बसून रडले. शेजारची ठकुराइन चाची म्हणाली, ‘‘बिटिया, बीमार हो?’’ मी म्हटलं, ‘‘नहीं चाची, शादी है.’’

लग्नाच्या आधी मनिहारीण पुन्हा आली. जुन्या मापाचा हिरवा चुडा साबणाशिवाय सरसर चढला. ती खूश होऊन म्हणाली, ‘‘अब भई मोड़ी!’’ आता झाली पोरगी. आई हसली. नाना पडवीत बसून ऐकत होते.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. सासर प्रेमनगरात, म्हणजे माहेरापासून हाकेच्या अंतरावर. मुलं, स्वयंपाक, बाळंतपणात गेलेली पाठ. नवऱ्याने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. आता कधीतरी नात जिममधून येते, तिचा दंड मी चाचपून बघते आणि म्हणते, ‘‘डावा ढिला आहे गं.’’ ती म्हणते, ‘‘आजी, तुम्हें कैसे पता?’’ मी विषय बदलते.

आई गेल्यावर नाना माझ्याकडे राहायला आले. अरूच्या घरी त्यांचं जमेना. नजर गेली होती, पाय गेले होते, पण कान शेवटपर्यंत खणखणीत. प्रेमनगरातून रात्रंदिवस गाड्या ऐकायचे. एका दुपारी घरात आम्ही दोघंच असताना ते न्हाणीत पडले. मी धावत गेले, त्यांच्या काखेत हात घातले, पाय रोवले आणि जोर केला. ते जेमतेम वीतभर उचलले गेले आणि माझे हात सुटले. पुन्हा केला. पुन्हा सुटले. वाळलेला म्हातारा माणूस होता, त्या सळईपेक्षा कितीसा जड असणार! मी ओल्या फरशीवर त्यांच्याशेजारी बसले, धापा टाकत.

नाना म्हणाले, ‘‘तुझ्याने नाही व्हायचं, शाले. अरूला बोलाव. तो उचलेल. काय वजन उचलायचा परसात! मी स्वतः ऐकलंय.’’

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि स्पष्ट म्हटलं, ‘‘नाना, ती मी होते. तुम्हाला माहीत आहे, ती मी होते.’’

त्यांना ऐकू आलं. माझ्या श्वासाचा वेग ज्यांना भिंतीपलीकडून कळायचा, त्यांना हे ऐकू आलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘‘अरूला बोलाव.’’

मी उठले आणि शेजारच्या भैयाला हाक मारायला गेले.